झेंड्याची निरगाठ

सोमवार, ता. ६
ठरलं. स्वातंत्र्यदिनी मीही स्वतंत्र होणार. १५ला झेंडावंदन, १६ला सकाळी आठची बस, दहाला पलीकडच्या गावचा छापखाना. तिथे प्रुफं तपासायची जागा आहे. त्यांनी कळवलंय, सोळाला दहापर्यंत आलात तर तुम्ही, नाहीतर दुसरा. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन सुटलं नाही, त्याचं चीज झालं.
दाजींना सांगायचं तेवढं राहिलंय. ताईचा नवरा, शिवाय गोदामाचे मालक. सहा वर्षं त्यांची पार्सलं बांधतो आणि त्यांच्याच घरी जेवतो. उद्या सांगतो.

मंगळवार, ता. ७
दाजींचं डोकं दुखत होतं.

बुधवार, ता. ८
डोकं दुखायचं थांबलं. दाजी खुशीत. खुशीतल्या माणसाला कशाला दुखवा? पत्रच बरं.

शुक्रवार, ता. १०
पत्राचा सहावा मसुदा. ‘कृतज्ञता’ शब्दकोशात दोनदा पाहिला. बरोबर आहे.
यंदा झेंडा बांधायचं काम दाजींनी मला दिलं. वजनकाट्यावरचे काका म्हणाले, याला देताय? याची पार्सलं गिऱ्हाईक करवतीने उघडतात. दाजी म्हणाले, म्हणूनच देतोय, गेल्या वर्षी तुम्ही बांधलेला भाषणाआधीच फडफडायला लागला होता.

शनिवार, ता. ११
युक्ती सुचली. पत्र झेंड्याच्या घडीत ठेवायचं. दाजी दोरी ओढतील, झेंडा उघडेल, पत्र त्यांच्या पायाशी. चारचौघांत त्यांना रागावता येणार नाही. यात भित्रेपणा काही नाही. समारंभ आहे.

मंगळवार, ता. १४
सुरगाठीचा सराव, चाळीस वेळा. ओढली की सुटते. निरगाठीची सवय असलेल्या हाताला जरा पोरकट वाटते. ताई म्हणाली, माझी दोरी सोड, कपडे वाळत घालायचेत.
बॅग भरली. ताईने विचारलं, बॅग कशाला काढलीस? म्हटलं, झटकायला. आज झटकायची लहर आली का, म्हणाली, आणि गेली.

बुधवार, ता. १५, सकाळी ६
झेंडा बांधला. पत्र आत. सुरगाठ झकास.
वारा आहे मात्र. वेळेआधीच सुटलं तर? वर एक लहानशी निरगाठ. नुसती खबरदारी.

ता. १५, दुपारी
दाजींचं भाषण झालं. म्हणाले, स्वतंत्र देशाचा नागरिक म्हणजे ज्याला कोणी अडवत नाही आणि तरी जो वेळेवर कामाला येतो. टाळ्या. दाजींनी दोरी ओढली. झेंडा गाठोड्यासारखा वर जाऊन बसला. पुन्हा ओढली. मग काकांनीही हात लावला. काका म्हणाले, आपलाच माल आहे, गिऱ्हाईकाच्या दारात पोचेपर्यंत सुटायचा नाही.
खाली घ्यावा तर दोरी चाकात अडकलेली. राष्ट्रगीत गाठोड्यासमोरच झालं. मग शिडी आणली. मी चढलो. गाठ सुटायला अकरा मिनिटं लागली. वरून बसस्टँड दिसतो, हे सहा वर्षांत माहीत नव्हतं.
झेंडा उघडला. फार सुंदर दिसला. पत्र माझ्या हातात आलं. सोडलं असतं तर सरळ दाजींच्या डोक्यावर पडलं असतं. पण दाजी दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते. पत्र वाचायला हात सोडावे लागले असते. ताई खालून म्हणाली, सावकाश उतर रे, घाई नाही.
पत्र खिशात घातलं. सावकाश उतरलो.
दाजींनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, अशी गाठ पंचवीस वर्षांत पाहिली नाही, आता काचसामान सगळं तुझ्याकडे. मी म्हणालो, बरं. हा होकार नव्हे. सकाळी निघायच्या आधी सांगतो.

गुरुवार, ता. १६
७:४०. दाजी दाढी करत होते. वस्तरा गालावर असताना सांगणं योग्य नव्हे.
८:००. बस वेळेवर सुटते. गोदामातून हॉर्न ऐकू येतो.
८:३०. पहिलं काचसामान आलं. सहा बरण्या, पलीकडच्या गावाला. टेम्पो तयारच होता. एका बरणीचं झाकण खडखडत होतं, आत जाड कागद हवा होता. माझ्या खिशात होता.
वर निरगाठ मारली. पत्ता मीच लिहिला, एकही चूक नाही.
दहापर्यंत पोचेल.