दाराजवळची पार्किंगची जागा

बाबा, आज ऑफिसात एक गोष्ट ठरवायची आहे आणि विचारावं असं तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही. माझ्या हाताखालच्या लोकांत दर महिन्याला स्पर्धा लावा, म्हणजे त्यांना हुरूप येईल, असं वरच्यांचं म्हणणं. मला लगेच अमेरिकेतला, नोव्हाय गावचा तो हिवाळा आठवला. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या तुमच्या कंपनीतही तेव्हा असंच काहीतरी निघालं होतं. महिन्याचा सर्वोत्तम इंजिनिअर निवडायचा, आणि बक्षीस काय, तर अगदी दाराजवळची पार्किंगची जागा! बर्फातून चालायला नको. तोवर तुम्ही आणि शेजारचे काका आलटूनपालटून एकमेकांच्या गाडीने जायचात. वाटेत एकमेकांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढायच्या, तावातावाने भांडायचं आणि मग निर्धास्तपणे ती साहेबाला द्यायची, हा तुमचा शिरस्ता.

पहिल्याच महिन्यात जागा तुम्हाला मिळाली. पाळी काकांच्या गाडीची होती, पण तिथे तुमचीच गाडी लागायला हवी, म्हणून तुम्ही ती काढलीत. काका म्हणाले, मी माझा येईन. काय खुशीत होता तुम्ही! गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना शीळ घालायचात. इतक्या आनंदाने कामाला जाताना आईनेही तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे वरचे म्हणतात ते अगदीच खोटं नाही. फक्त ड्रॉइंग तुम्ही आता कोणाला दाखवत नव्हता.

पुढच्या महिन्यात काका जिंकले. सोमवारी सकाळी त्यांची गाडी आपल्या दारात उभी. मी ओरडते, "बाबा, काका इज हिअर!" काका काच खाली करून म्हणतात, "चल ना यार, आज दोघंही दारातच उतरू." तुम्ही कोट चढवून, डबा हातात घेऊन तयार. आणि म्हणता, "तू हो पुढे. मला जरा लेट होईल." काका गेले. त्यांच्या मागोमाग तुम्हीही निघालात, एकटे. त्यानंतर तुम्ही दोघं एका गाडीत बसल्याचं मला आठवत नाही.

नेमकं काय लागलं हो मनाला? हरणं, की त्यांच्या जागेवर पाहुण्यासारखं उतरणं? आणि स्पर्धा नसती, तर ती शीळ तरी ऐकू आली असती का? मला खरंच कळत नाही. काकांचं मात्र अजून वाईट वाटतं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते: तुमच्या जागी मी असते, तर मीही त्या गाडीत बसले नसते.