देवांखालचं पत्रक

अहो,

मी डायलिसिसला जातेय, चारपर्यंत येईन. वरणभात झाकून ठेवलाय.

पाडव्याला देवांखालचं वस्त्र बदलतात, हे विसरलात ना? तिथे लपवलेलं हॉस्पिटलचं पत्रक सापडलं. ‘कायमचं परदेशी गेल्यास इथले मोफत उपचार बंद’ या ओळीखाली तुमच्या पेन्सिलीची रेघ आहे.

आणि मला सांगत होतात, रिटायर होऊन पुण्याला जायचं नाही, तिथली धूळ सोसत नाही! वर्षभर मी तुम्हाला लहरी म्हणत राहिले. चुकलं माझं.

तोंडावर आभार मानले तर उठून जाल, म्हणून लिहिलं. पुण्याच्या अंगणात तुम्हाला आंबा लावायचा होता. इथे लेस्टरच्या थंडीत तो जगायचा नाही, सफरचंद जगेल. मागच्या दारी खड्डा खणून ठेवा.

कुमुद