पंप दिला म्हणून सांगितलं

गुरुवार, तारीख १४, सकाळ

चि. बाबीस,

तुझ्या आईचा आशीर्वाद. इकडे घर, छप्पर सगळं जागच्या जागी आहे. शेजारणीचं तोंडही चालू आहे. तुझी चिमी बरी आहे. म्हणजे, आता बरी आहे.

मागच्या महिन्यात तू प्रयोगशाळेतलं सांगत होतीस. श्वासनळीच्या पेशी बशीत वाढवायच्या, धुराने डिवचून सुजवायच्या, मग त्या कडू पाल्यातून काढलेलं औषध घातलं की सूज उतरते. आपल्या कुंपणाला तोच पाला. पुढे तू म्हणालीस, "आई, हे बशीतलं झालं. माणसाचं अजून काहीच माहीत नाही." ते मी ऐकलं नाही असं नाही. ऐकून सोडून दिलं. शिकलेल्यांना भीती फार, असं मनात म्हटलं.

चिमीचा दम्याचा रोजचा पंप मी पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि नऊ दिवस तिला पाला उकळून पाजला.

मंगळवारी दुपारी पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. ओठ निळे. शेजारणीनेच गाडी काढली. दवाखान्यात वाफ दिली, तासाभराने श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पंप रोज देता ना?"

"रोज. दोन वेळा," मी म्हटलं.

चिमी माझ्याकडे बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आजी, मी नाही सांगणार कुणाला." सात वर्षांची पोर. मी डब्यामागचा पंप काढला.

आता डॉक्टरीणबाई म्हणतात, पंप देऊनही असं झालं म्हणजे दमा हट्टी आहे, शनिवारपासून जोरकस इंजेक्शनं सुरू करू. माझ्या खोट्यापायी पोरीला सुया टोचणार. दोन दिवस तिच्या छातीवर हात ठेवून बसलेय. हात काढायची भीती वाटते.

फोनवर तू "आई" म्हणालीस की माझी दातखीळ बसते, म्हणून हा कागद. बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, संध्याकाळी मिळेल. तोवर मी दवाखान्यात खरं सांगून आलेली असेन. चिमीला बरोबर नेतेय, म्हणजे मला वाटेतून माघारी फिरता येणार नाही. पंप मंगळवारपासून दोन्ही वेळा चालू आहे. तिला विचार, मला नको.

तू तिला न्यायला येशील. कपडे घडी घालून ठेवलेत. मी आडवी येणार नाही.

तुझी आई