शाहीर गरमपाणी आणि पार्टी

७ ऑगस्ट १९८३

गाणं झालं! दोन कडवी आणि धृपद. आता खोडणार नाही, कुणी काही म्हणो.

धृपद असं — ‘सांग गं, सांग गं, सांग गं खरं, एसटी चुकली का चुकवलीस?’ तीन वेळा ‘सांग गं’, त्यावर ड्रम, मग एकदम सगळं बंद. श्रीपतच्या कॅसेटवरचे ते विलायती चौघे अगदी असंच करतात. त्यांचे शब्द आम्हाला कळत नाहीत. पण कुणीतरी पोरगी त्यांना सांगून आलेली नाही, एवढं नक्की कळतं.

माझीही आली नाही. महाडचा शिवणक्लास संपला तशी मंजुळा पोलादपूरच्या वर तिच्या वाडीत परत गेली. मे महिन्यात येते म्हणाली होती, सकाळच्या गाडीने. मी कामावर रजा टाकून महाड स्टँडवर दिवसभर उभा. प्रत्येक गाडीतला शेवटचा माणूस उतरेपर्यंत! आली नाही. निरोपही नाही. मला बाकी काही नको. चुकली की चुकवली, एवढंच कळू दे.

१० ऑगस्ट

चंदूला गाणं ऐकवलं. चंदू बाजारात रेडिओ दुरुस्त करतो आणि लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवतो. अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की तो बेंजो असा किंचाळतो, गिटारने खाली मान घालावी.

ऐकून म्हणाला, “तुला जाऊन इचारता येत नाय काय? त्यात बेंजो कशाला?”

जाऊन विचारायला तोंड असतं तर गाणं कशाला केलं असतं? हे त्याला सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट

बाजारातून हाकललं गेल्यामुळे आता तालीम सव गावी, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी. श्रीपत ड्रमवर. मुंबईला त्याची गिरणी संपात बंद, म्हणून गावी आलाय, सोबत टेपरेकॉर्डर आणि दोन कॅसेटी. ड्रम म्हणजे बँडवाल्यांनी टाकून दिलेला एक आणि रॉकेलचे डबे दोन. बँडचं नाव त्यानेच ठेवलं — हॉट वॉटर.

खरूज घालवायला आंघोळीला आलेली माणसं आमचं वाजवणं सुरू झालं की भराभर बरी होऊन घरी जातात.

२१ ऑगस्ट

माझ्या गिटारची तार तुटली. चंदू म्हणतो, “फरक काय पडला?”

२९ ऑगस्ट

चंदूच्या दुकानात आज भिकू नावाचा माणूस रेडिओ घेऊन आला. चंदू बेंजो तपासत होता, ते ऐकून भिकू म्हणाला, “गौरी जेवतील त्या दिवशी आमच्या वाडीत पार्टी पायजे. येता काय?” चंदू म्हणाला, “आम्ही पार्टीच हाय.” नाव विचारलं. चंदूने ‘हॉट वॉटर’ म्हणजे काय तेही समजावून सांगितलं.

वाडी कुठली? मंजुळाची!

ती ऐकेल. ऐकल्यावर तोंडावर काहीतरी दिसेलच की!

१५ सप्टेंबर

काल झालं ते. क्रमाने लिहितो.

वाडीत पोचलो तर मांडवावर कापडी बोर्ड — ‘शक्तीवाले शाहीर महिपतीबुवा विरुद्ध तुरेवाले शाहीर गरमपाणी आणि पार्टी’.

शक्ती-तुरा! म्हणजे एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. नाही दिला तर भर मांडवात हार. तुरेवाल्यांचा ठरलेला शाहीर तापाने पडला, म्हणून भिकू दुसरी पार्टी शोधत महाडला आला होता. कसली पार्टी, हे त्याने सांगितलं नाही आणि चंदूने विचारलं नाही.

“तुमचं नाचे कुटं हायत?” भिकू.

“मागनं येत्यात,” श्रीपत. मला पळून जावंसं वाटलं. पण बायकांच्या बाजूला पुढेच मंजुळा बसली होती, हिरवं पातळ नेसून.

महिपतीबुवा साठीचे. फेटा, कपाळाला बुक्का, भोवती घुंगरू बांधलेले पोरगे. त्यांनी खणखणीत गण म्हटला. मग आमची पाळी. गण कुठला आणायचा? चंदूने बेंजोवर सरळ गणपतीची आरती सुरू केली! अख्खा मांडव उभा राहून टाळ्या वाजवू लागला. निभावलं.

मग बुवांनी सवाल टाकला. पार्वतीबद्दल काहीतरी, फार अवघड. श्रीपत माझ्याकडे बघतोय, मी चंदूकडे. येत होतं ते एकच गाणं. म्हटलं!

‘चुकवलीस?’ म्हणून सगळं बंद केलं आणि मांडव चिडीचूप. संपलो, म्हटलं आता दगड येणार. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, “सवालावर सवाल टाकलान रे!” आणि टाळ्या, शिट्ट्या!

बुवांनी डोळे मिटले. ढोलकीवाल्याला खूण केली. मग गाऊन जवाब दिला — एसटी म्हणजे नरदेह, कंडक्टर म्हणजे सद्गुरू, जीव मायेच्या बाजारात रमला, म्हणून गाडी चुकली. लोक माना डोलावतायत! मला सांगावंसं वाटलं, बुवा, इतकं खोल नाही हो ते.

“परत वाजव,” चंदू कानात म्हणाला. “आपल्याकडं दुसरं हाय काय?”

परत वाजवलं. लोकांना वाटलं, जवाब आम्हाला मंजूर नाही! बुवा आता राधेकडे वळले. ती लोणी घेऊन निघाली, घाट चढता चढता वेळ झाला, मथुरेची एसटी सुटली. आम्ही परत तेच. आता मांडवच म्हणू लागला, ‘सांग गं, सांग गं, सांग गं खरं!’ पोरं, म्हातारे, बुवांचे नाचेसुद्धा.

बुवांनी हसत हात जोडले. “हरलो. ह्याचा जवाब तिलाच ठावं.” आणि थेट माझ्याकडे बघितलं. म्हातारा पक्का!

सगळे हसले. मंजुळाने तोंडात पदर धरला होता. हसत होती का रडत होती, देव जाणे. आम्हाला जिंकल्याचा नारळ मिळाला. तो घेऊन तिच्याकडे जातो तोवर बायकांनी फुगडीला फेर धरला आणि तिला आत ओढलं. मी नारळ घेऊन उभा.

१६ सप्टेंबर

जिंकलो म्हणे. बुवांकडून दोन जवाब मिळाले. हवा होता तो नाही.

१९ सप्टेंबर

चंदूला आणखी दोन वाड्यांची बोलावणी. शाहीर गरमपाणी म्हणूनच! तो म्हणतो, नवं गाणं कर. कसलं करू? जुनंच अजून संपलेलं नाही.

२५ सप्टेंबर

बाजारात त्या वाडीची येसूबाई काकड्या विकत बसली होती. गुणगुणत होती — ‘सांग गं, सांग गं’! मी उडालोच. म्हटलं, “मावशी, हे माझं गाणं.”

“तुजं? हॅ! फुगडीचं गाणं हाय ता. लय जुनं. माजी सासू म्हनायची.”

चंदू इतका हसला की त्याच्या हातातली काकडी पडली. मला मात्र राग आला. आपलं एकमेव गाणं आणि ते हिच्या सासूचं!

२ ऑक्टोबर

येसूबाई परत बसली होती. मुद्दाम म्हणायला लावलं, सगळं. माझी दोन कडवी संपली आणि ती पुढे गातच राहिली —

‘चुकली नाय गो, चुकवली नाय, फाट्यावं व्हते उभी,
भरली गाडी थांबली नाय, मी हात करून उभी.’

“हे पण सासूचं?”

“छ्या! ह्ये आत्ताच्या गौरीला घातलान. फुगडी खेळताना. मंजुळानं.”

मे महिन्यातल्या गाड्या! मुंबईकरांनी दारापर्यंत भरलेल्या. फाट्यावर कोण थांबवतंय! आणि मी गाढव, गाणी करत बसलो.

उद्या रजा टाकतोय. गाडी भरलेली असली तर चालत जाईन.