आत दीड वाजला होता

बुधवार, संध्याकाळ. बूढापारा

दादानं आईसाठी लिहिलेला, वेळ बघून विचारपूस करणारा छोटासा प्रोग्राम पायथॉन या संगणकभाषेच्या जुन्या आवृत्तीतला. नव्या लॅपटॉपवर चालेचना. म्हणून आज त्या जुन्या पायथॉनची इमेज, म्हणजे साचा, बनवली आणि प्रोग्राम कंटेनरमध्ये, लॅपटॉपच्या आतल्या एका वेगळ्या बंद कप्प्यात, चालवला. संध्याकाळचे सात वाजले होते, आणि स्क्रीनवर आलं, "आई, दुपारचं जेवली का?"

आई स्क्रीनलाच म्हणाली, "हव रे बाबू, जेवली."

चूक माझीच. भारताची वेळ लावायची राहिली, म्हणून कंटेनरचं घड्याळ साडेपाच तास मागं. आत दीडच वाजला होता.

"थांब आई, नीट करतो."

"काहून? राहू दे न."

एका ओळीचं काम. पण हात का थांबला माझा?

मागच्या वर्षी आजच्याच तारखेला, दुपारी तीनला, दादा गेल्याचा फोन आला होता.

आत तर दीडच वाजला होता.