टाकीखालचा प्लग

रविवार, संध्याकाळ. डोंबिवली.

हाताला अजून पेट्रोलचा वास येतोय आणि डोकं फिरलंय. बाबांच्या बाईकचा टाकीखालचा स्पार्क प्लग बदलायचा होता. शाळेत असल्यापासून तिथे टॉर्च मीच धरते. ‘तुझा हात बारीक आहे, मोठी झालीस की हा प्लग तूच काढायचा,’ असं बाबाच म्हणायचे ना? मग आज ताईचा नवरा शहाडहून आला, तर पाना लगेच त्याच्या हातात! मला परत टॉर्च.

जुना प्लग जिजूंनी काढला, मान्य. पण नवा आत बसेना. ते पान्यानेच रेटायला लागले. आटे गेले असते! शेवटी मीच प्लगच्या डोक्यावर रबरी पाईपचा तुकडा खोचला, प्लग खाली सोडला आणि पाईप बोटांनी फिरवला. अलगद बसला. जिजूंनी तो फक्त आवळला.

बाईक सुरू झाली तसे बाबा खिडकीकडे बघून आईला ओरडून म्हणाले, ‘अगं, जावईबापूंनी चालू केली बघ! चहा टाक.’

मी टॉर्च धरून उभीच. जिजूही हसले नुसते.

तो पाईपचा तुकडा माझ्या कपाटात ठेवलाय. पुढच्या वेळी बसवा म्हणावं पान्याने.