वाकळीचा घास

कोपरखैरणे,
१४ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर सूनबाई पुतळाचं डोकं.

(भावजी, हे पत्र आत्याबाईंना तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगते: कंसातलं सगळं तुमच्यासाठी. ते मनात वाचा आणि वाचताना चेहरा सरळ ठेवा. त्यांना दिसत नसलं तरी कळतं.) इकडे सगळं खुशाल आहे. तुमचा धाकटा लेक वेळेवर मार्केटात जातो, वेळेवर जेवतो. (जेवतो जिन्यात बसून. खोलीभर वाकळ पसरलेली असते.) तुमचे डोळे कसे आहेत? मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा विषय मी आता काढणार नाही. बघायचं ते बघून झालं, आता मला डॉक्टर नको आणि मुंबईही नको, माझा आता उपयोग काय, हा तुमचा निरोप पोचला. (निरोप ऐकून हे न जेवता कामाला गेले. मी रडले. हे वाचू नका.)

तर आमच्या शिवणाचं सांगते. माहेरी मी बाहुल्यांच्या चोळ्या शिवायचे, लग्नानंतर तुमच्या हाताखाली वाकळीला लागले, तेव्हा तुम्ही म्हणायचात की हिची भाकरी करपेल पण टाका चुकायचा नाही. त्यातलं भाकरीचं अजून खरं आहे. इथं आल्यावर निव्वळ हौस म्हणून एक वाकळ शिवली आणि गॅलरीत उन्हाला टाकली, ती आमच्या घरमालकीण मालतीबाईंनी पाहिली. मालतीबाई इथल्याच, खाडीकाठच्या गावच्या. शेतं शहराखाली गेली, उरल्या जागेवर त्यांनी ही इमारत बांधली, पण माणूस मोकळ्या मनाचं. त्यांनी आपल्या जुन्या साड्या आणून दिल्या, मग त्यांच्या बहिणीनं, आणि आता वाशीच्या सोसायट्यांमधल्या बायका रिक्षा करून येतात. त्या वाकळीला क्विल्ट म्हणतात आणि पलंगाचं माप कागदावर लिहून आणतात. एकीला नुसते गुलाबी चौकोन हवेत, एकीला नवऱ्याच्या बाजूला जाड आणि स्वतःच्या बाजूला पातळ हवी. एक बाई तर सासूच्या साड्या पायाकडेच घाला म्हणून बजावून गेली. (घातल्या. पण वाकळ उलटी टाकली की त्या उशाला येतात, हे मी तिला बोलले नाही.) इथून जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यातून कापडाची कात्रणं मिळतात, ती कमी पडली की मी घरात शोधते. असाच यांचा एक सदरा गेला. तो यांनी गिऱ्हाइकाच्या हातातल्या वाकळीत ओळखला. (नवा होता.)

आता अडचण ऐका. तुम्ही सांगायचात की वाकळीचा शेवटचा कोपरा मोकळा ठेवायचा, घरातल्या थोरल्या बाईनं त्यात घास घालायचा आणि मगच तोंड शिवायचं, कारण उपाशी वाकळ ऊब देत नाही. आणि नेमकं त्या वेळी मला पाण्याला पिटाळायचात. मी घागर भरून येईपर्यंत तोंड शिवलेलं असायचं. घास कसला, ते मी कधी पाहिलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. सासूसारख्या तुम्ही तेवढ्या एकाच बाबतीत वागलात. म्हणून मालतीबाईंच्या वाकळीत मी आपल्या मनानं पुरणपोळीचा तुकडा घातला, चांगला तुपातला, पहिल्याच गिऱ्हाइकाला हात आखडता नको म्हणून.

आठवडाही गेला नसेल, मालतीबाई वाकळ दोन बोटांत धरून जिना चढून आल्या. त्यांचे मालक रात्रभर पाठ खाजवत होते आणि त्या बिचाऱ्या अंगावर काही उठलं म्हणून हळद लावत होत्या. सकाळी उजेडात मुंग्यांची रांग दिसली. आता खोली खाली करायला सांगतात, असंच मी धरून चालले. त्यांनी वाकळ माझ्यासमोर टाकली, कोपरा उसवला आणि आत पाहिलं.

"काय गो पुतला, तुजी गोधरी पुरनपोली खाते?"

मी सगळं सांगून टाकलं, घास, घागर आणि तुमचे डोळेसुद्धा. त्या आधी हसल्या, मग माझ्याजवळ खालीच बसल्या.

"मंग सासूला घेऊन ये ना गो. तिला ठाव हाय, ता दुसरा कोन सांगनार?"

तेव्हापासून शिवलेल्या वाकळी तोंडं उघडी टाकून कोपऱ्यात पडल्या आहेत. थंडी आली, बायका तगादा लावतात आणि मी उद्या या म्हणते. तेव्हा घास कसला घालायचा ते येऊन दाखवा. पत्रातून कळवू नका, भावजींना बायकांची कामं समजत नाहीत. (समजतात. रागावू नका.) ऑपरेशनचा विषय मी काढलेला नाही, हे ध्यानात घ्यावं. जाऊबाईंना नमस्कार, पोरांना पापे आणि म्हशीला माझ्या नावानं एक पेंडी जास्त.

तुमची सून,
पुतळा

ता. क. येताना मोठ्या नेढ्याच्या सुया आणा. इथल्या दोन थरांतच वाकतात.

ता. क. (भावजी, हा अख्खाच कंसात आहे. वाकळी केव्हाच गिऱ्हाइकांकडे गेल्या, तोंडं मीच शिवली. मालतीबाई जिना उतरून गेल्या त्याच दुपारी मी माझी स्वतःची वाकळ काढली, इकडे येताना आत्याबाईंनी दिलेली, आणि तिचा कोपरा उसवला. आत काही नव्हतं. दाणा नाही, तुकडा नाही. पण उसवताना टाके पाहिले. बाकीची वाकळ आम्ही दोघींनी मिळून शिवली होती, तिथं त्या माझी ओळ बोटानं धरून पुढं जात. कोपऱ्यात माझी ओळ नव्हती. तिथले टाके एकावर एक चढलेले, चाचपडत घातलेले. त्यांना तेव्हापासूनच दिसत नव्हतं, भावजी. मला कळू नये म्हणून पाण्याला पाठवत होत्या, आणि मी आपली कुरकुरत घागर उचलत होते. कोपरा मी परत शिवला, त्यांच्याच भोकांमधून.

वाशीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. आजारी म्हणून त्या यायच्या नाहीत, थोरली म्हणून येतील. तुम्ही त्यांना घेऊन एसटीत बसा आणि वाटभर एकच सांगत राहा, की सुनेला काही म्हणता काही येत नाही.)